वहिनीचा ब्राऊन ब्रेड

गल्लीतली सगळी माणसं तिला वहिनी म्हणायची. तिच्या वडिलांच्या वयाचे गृहस्थही काउंटरवर रेलून "वहिनी, ताजा आहे ना?" असं विचारायचे आणि ती "दाबून बघा की" म्हणून हसायची. हसायची ती आधी. दुसऱ्यांदा दिवस गेल्यापासून तिच्या तोंडचा फटका बसला नाही असा माणूस त्या गल्लीत हुडकावा लागला असता. आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नव्हतं. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिने पावांचे ट्रे रस्त्यावर भिरकावले असते.

बेकरी घरचीच. मागे भट्टी, पुढे दुकान, वर राहायच्या खोल्या. मधल्या लाकडी दाराच्या पलीकडे सासऱ्यांचं राज्य आणि अलीकडे वहिनीचं. पीठ मळणं, फुगवणं, भाजणं हे सासरे आणि त्यांचा एक कामगार बघायचे. काप करणं, पुडे बांधणं आणि गिऱ्हाइकांची तोंडं सांभाळणं वहिनीकडे. नवरा टेम्पोतून दुकानोदुकानी माल पोचवायचा. भट्टीकडे वहिनी फारशी जायचीच नाही. तिथे सासरे उघड्या अंगाने काम करायचे आणि सुनेला बघून उगाच टॉवेल शोधत बसायचे, म्हणून तिनेच जाणं सोडलं होतं.

भट्टीचं एकच काम तिच्याकडे होतं. दर शनिवारी दुपारी वरच्या स्वयंपाकघरात लोखंडी कढईत साखर जाळायची, ती काळीठिक्कर झाली की जपून पाणी ओतायचं आणि गार झालेला पाक डब्यात भरून मधल्या दारापाशी ठेवायचा. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी हे काम तिच्या गळ्यात घातलं तेव्हा 'रंगाला लागतो, केकच्या वगैरे' एवढंच सांगितलं होतं. तिनेही पुढे विचारलं नाही. बेकरीत केक होतात, त्यांना काहीतरी लागत असणार. आपल्याला सांगितलं तेवढं करावं आणि मोकळं व्हावं, हा नव्या सुनेचा शहाणपणा पुढे सवयीचा झाला.

थोरली बिट्टी आता शाळेत जायला लागली होती. ती जन्मली तेव्हा साडेचार किलोच्या वर भरली आणि घरादाराला आनंदाचं भरतं आलं. "बेकरीवाल्यांची नात आहे, फुगूनच आली," असं सांगून सासूबाईंनी येणाऱ्याजाणाऱ्याला हसवून सोडलं. डोकं बाहेर आल्यावर पोरीचा खांदा आत अडकला होता, डॉक्टरबाईंची धांदल उडाली होती आणि पोर बाहेर काढताना तिच्या मानेपाशी डाव्या हाताच्या नसा ताणल्या गेल्या होत्या, हे त्या हसण्यात कुणी काढायचं नाही. मालिश झाली, व्यायाम झाले, दवाखान्याच्या खेपा घालता घालता वहिनीच्या नाकी नऊ आले. हात पुष्कळ सुधारला, पण खांद्याच्या वर जाईना आणि पाठीमागे वळेना.

रोज सकाळी शाळेच्या फ्रॉकची पाठीवरची बटणं हे मायलेकींच्या भांडणाचं ठरलेलं कारण. बिट्टीला ती स्वतः लावायची असत. उजवा हात मागे नेऊन ती एका हाताने बटणाशी झटापट करायची, बटण काजात जायचं नाही, ती रडकुंडीला यायची आणि शेवटी वहिनीने हात पुढे केला की तो झटकून टाकायची. खाली गिऱ्हाईक हाका मारत असायचं. वहिनी पटापट बटणं लावायची आणि दिवसभर तिला ते आठवत राहायचं.

पहिल्या वेळी रक्तातली साखर कुणी तपासलीच नव्हती. या वेळी तपासली आणि वाढलेली निघाली. दवाखान्यातल्या सिस्टरनी तिला आणि नवऱ्याला समोर बसवलं. सिस्टर जाडजूड बाई, आवाज मोठा, पण समजावून सांगायची हौस होती.

"काही बायकांची गरोदरपणात साखर वाढते. तुमच्या रक्तात जादा झाली की ती नाळेतून बाळाकडे जाते. बाळ बिचारं काय करणार, ते अंगावर चढवत बसतं. खांद्यावर, पोटावर."

वहिनी खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे माझ्या मोठीचं..."

"तसं झालं असेल. नसेलही. बाळ मोठं व्हायला दुसरी कारणंही असतात, कुणी नक्की सांगू शकणार नाही. पण खाणं तर आपल्या ताब्यात आहे ना? मैदा पोटात गेला की लगेच साखर होऊन रक्तात उतरतो. कोंड्यासकटचं धान्य, डाळी, कडधान्यं दमादमाने उतरतात. उपाशी राहायचं नाही, निवडून खायचं, थोडं थोडं खायचं. पांढरा पाव सोडा, ब्राऊन घ्या. तुमची तर बेकरीच आहे, चिंताच नाही."

शेजारच्या खुर्चीवर नवरा मान डोलावत होता. त्याची ही मान लक्षात ठेवा.

बेकरीवाल्यांच्या घरात पाव हे काही खाणं नसतं, ती जबाबदारी असते. दुकानात जे खपलं नाही ते घरच्यांनी संपवायचं. सकाळी पाव, दुपारी भाताबरोबर पाव, संध्याकाळी चहात बुडवायला पाव. त्यामुळे वहिनीने पांढरा पाव सोडला ही घरात मोठीच बातमी झाली. ती रोज सकाळी ट्रेमधून ब्राऊन ब्रेडचा एक पुडा बाजूला काढायची आणि दिवसभर त्यावर भागवायची. चहातली साखर गेली. बिस्किटांच्या बरणीकडे तिने पाठ फिरवली. भात वाटीभर, डाळ दोन वाट्या. संध्याकाळी दुकान नवऱ्यावर सोपवून ती गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायची, आणि काउंटरवर बसल्या बसल्या बोटाला सुई टोचून त्या छोट्या यंत्रावर साखर बघायची.

साखर ढिम्म हलेना. डाळ-भात खाल्ला की आकडा बरा यायचा. पावावर भागवलं की चढलेला. आता हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. वहिनीच्या आलं नाही, कारण पाव ब्राऊन होता आणि ब्राऊन चांगला, हे खुद्द सिस्टरनी सांगितलं होतं. ती डाळीवर संशय घ्यायची, दुधावर घ्यायची, दुपारी खाल्लेल्या सफरचंदावर घ्यायची. पावाकडे बोट दाखवायचं तिच्या मनातही आलं नाही.

"खरं सांगा, चोरून काय खाता?" सिस्टरनी पुढच्या खेपेला विचारलं.

"काही नाही खात."

"सगळ्या असंच म्हणतात. बेकरीत बसायचं आणि हात जात नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? हे असंच राहिलं तर इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू करावी लागतील."

वहिनीचे डोळे भरून आले, दुःखाने नाही, संतापाने. चोरून खाणारीला कुणी बोललं असतं तर एक वेळ चाललं असतं. हिने तर बरणीचं झाकणही उघडलं नव्हतं.

घरी आली तर सासूबाई साखर घातलेलं दूध घेऊन उभ्या. "दोन जिवांची बाई आणि चिमणीएवढं खाते. पोर वाळकं निघालं तर लोक मला बोलतील."

"आई, साखर चालत नाही मला."

"एवढ्याशा साखरेने काय होतंय? मी काय मुलं जन्माला घातली नाहीत?"

पालथ्या घड्यावर पाणी. वहिनी दूध घ्यायची, वर नेऊन बिट्टीला द्यायची. सासूबाईंना ते कळलं की त्या रुसायच्या, आणि त्यांची समजूत काढायचं काम पुन्हा वहिनीच्याच गळ्यात पडायचं. नवरा मधे पडायचा नाही. तो म्हणायचा, "तुम्हा दोघींचं तुम्ही बघून घ्या."

सातवा सरत आला तेव्हा एका शनिवारी सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. बाळाच्या पोटाचा घेर दिवसांच्या मानाने जास्त दिसत होता. "अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "पण साखर खाली यायलाच हवी. मागच्या खेपेचं मी विसरलेले नाही." वहिनीही विसरली नव्हती. दवाखान्याच्या बाकावर ती आपला डावा खांदा धरून बसली होती, हे नवऱ्याने हटकल्यावर तिच्या ध्यानात आलं.

त्या दुपारी घरी येऊन ती आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. साखर जाळायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मधल्या दारातून आलेले ट्रे लावून घेतले. पांढरा आला, बन आले, टोस्ट आले. ब्राऊन नाही.

"बाबा, ब्राऊनचा ट्रे राहिला का?" तिने दारातून विचारलं.

"आज ब्राऊन नाही," आतून सासरे म्हणाले.

"का, पीठ संपलं?"

"पीठ कसलं संपतंय. काल तू डबा कुठे ठेवलास? रंग नाही तर ब्राऊन कुठून काढू?"

वहिनी तशीच उभी राहिली. मग इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते तिने केलं, दार ढकलून सरळ आत गेली. सासरे टॉवेल शोधायला लागले. तिने तिकडे लक्षच दिलं नाही. टेबलावर पिठाची दोन पोती उघडी होती आणि दोन्ही मैद्याची.

"गव्हाचं पीठ कुठे आहे?"

"कशाला पाहिजे?"

"ब्राऊनला."

सासरे तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी सापडल्याची कसलीही खूण नव्हती, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. "अगं, ब्राऊनला गहू कोण घालतं? फुगत नाही, चिरा जातात, कुणी घेत नाही. वरून मूठभर कोंडा भुरभुरला की दिसतो छान. सगळेच असा करतात."

"बाबा, मी इतके दिवस तोच खातेय."

"खा की. घरचाच आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यांसमोर ती कधी बसून बोलली नव्हती, साखरेचं वगैरे बायकांचं बोलणं त्यांच्यापर्यंत कुणी नेलं नव्हतं. आज तिने पिठाच्या डब्यावर बसकण मारली आणि सगळं सांगितलं. साखर, बाळाचा घेर, बिट्टीचा खांदा कसा अडकला होता ते, कुणी कधी न बोललेलं. "आणि मी माझ्याच हाताने साखर जाळून दिली, बाबा. तीच पुन्हा पावातून खाल्ली आणि वर लोकांना सांगितलं, साखरवाल्यांना हाच चांगला."

सासऱ्यांना टॉवेल सापडला होता, पण खांद्यावर घ्यायचं भान राहिलं नाही. कामगार उगाच भट्टीत डोकावत राहिला.

सासऱ्यांचं एक वेळ समजू शकतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण नवरा? टेम्पो रिकामा करून तो आला तेव्हा ती काउंटरवर वाटच बघत होती.

"ब्राऊनमध्ये मैदा असतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणजे काय, लहानपणापासून बघतोय."

"सिस्टर मला ब्राऊन खा म्हणाल्या तेव्हा तुम्ही शेजारीच बसला होतात."

तो टेम्पोची किल्ली बोटात फिरवत राहिला. "माझ्या डोक्यातच आलं नाही गं. त्या ब्राऊन म्हणाल्या, आपल्याकडे ब्राऊन आहे, मला वाटलं झालं काम."

यावर माणसाने बोलावं तरी काय? खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. लपवलं असतं तर माहेरी निघून जाता आलं असतं. डोक्यात आलं नाही म्हणणाऱ्याचं डोकं फोडून तरी काय मिळणार होतं? मान मात्र त्याने त्या दिवशी छान डोलावली होती.

चिडलेल्या माणसाला मधला रस्ता दिसत नाही. वहिनीने दुसऱ्या दिवसापासून पाव, भात, बटाटा, सगळंच बंद केलं. नुसती डाळ आणि पालेभाजी. तिसऱ्या दिवशी बन मोजून देताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गिऱ्हाइकानेच तिला धरून स्टुलावर बसवलं. नवरा तसाच तिला दवाखान्यात घेऊन गेला.

"उपाशी राहायला कुणी सांगितलं होतं?" सिस्टर कडाडल्या. "बाळाला काय हवेवर वाढवणार आहात? पिठूळ खाणं बंद करायचं नाही, चांगलं निवडायचं, असं बोलले होते ना मी?"

"चांगलं म्हणूनच ब्राऊन निवडला होता," वहिनी म्हणाली आणि तिने डब्याची हकीकत सांगितली.

सिस्टरनी ऐकता ऐकता हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "तुमची बेकरी ती चौकाच्या पुढची का, लाकडी दाराची?"

"हो."

"मी रोज तिथूनच नेते. वजन कमी करायला म्हणून."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हसायला दोघींनाही आलं नाही. चोरून काय खाता, हे मात्र सिस्टरनी तिला पुन्हा कधी विचारलं नाही.

घरी येऊन वहिनीने दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, साखर ती पुन्हा जाळणार नाही. दोन, काउंटरवर कुणी ब्राऊन मागितला तर तो रंगाचा आहे, असं ती तोंडावर सांगणार. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "स्वतःच्या दुकानाची अब्रू आपणच काढायची?" नवरा म्हणाला, "तुम्हा दोघींचं..." आणि वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच राहिलं.

सासऱ्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. दोन दिवसांनी नवऱ्याच्या टेम्पोतून कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचं एक पोतं आलं. पहिला पाव निघाला तो विटेसारखा. बिट्टीने त्यावर बाहुली बसवली. दुसरा मधेच फाटला. सासरे तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. हलका पाव काढण्यात ज्याची हयात गेली त्या माणसाला जड पाव काढायला लावणं हा अपमानच होता, आणि ते तो लपवत नव्हते. पाणी वाढव, जास्त वेळ ठेव, थोडं तेल घाल, असं करता करता निघाला एकदाचा खाण्यासारखा. ते मधल्या दारातून ट्रे सरकवायचे, त्यात कोपऱ्यात एक पाव वेगळ्या कागदात असायचा. त्याबद्दल दोघं एकमेकांशी कधी बोलली नाहीत.

वहिनी त्याचे दोन काप डाळीबरोबर खायची, वाटीभर भात दुपारी, मधे मूठभर फुटाणे. यंत्रावरचा आकडा हलला. रोज नाही; एखाद्या दिवशी काही न करता चढायचा आणि ती काउंटरमागे रडायची. पण एकूण खाली आला, इंजेक्शनं टळली. रंगाचा ब्राऊन मात्र दुकानातून गेला नाही. साखर आता सासूबाई जाळत आणि ती जळताना वास घरभर भरला की वहिनी खिडक्या धडाधड उघडायची. खरं सांगूनही निम्मी गिऱ्हाइकं रंगाचाच न्यायची. "तुमचा तो गव्हाचा घशाखाली उतरत नाही, वहिनी," म्हणायची. तिने हात टेकले होते. लोकांच्या पोटाचा ठेका तिने घेतला नव्हता, एका पोटाचं झालं तरी पुष्कळ होतं.

कळा सुरू झाल्या तेव्हा ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त "खांदा बघा, खांदा बघा" एवढंच म्हणत राहिली, इतकं की शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, मी तोच बघतेय, तुम्ही जोर द्या."

मुलगा झाला. सव्वातीन किलो.

"हे माझ्या खाण्यामुळे झालं का?" तिने विचारलं.

"छातीठोकपणे मी सांगणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण फुकट गेलं नाही, असं माझं मत आहे."

दुपारी सासूबाई बिट्टीला घेऊन आल्या. दुपट्यातलं तोंड बघून त्या चुकचुकल्या. "बारीकच आहे हो. बिट्टी कशी भरलेली होती. मी म्हणत होते ना, खात जा म्हणून."

वहिनीच्या ओठांवर काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. अंगात त्राण नव्हतं म्हणून ते तिथेच राहिलं. नवऱ्याने फोनवर ज्याला त्याला वजन सांगायचा सपाटा लावला होता आणि पलीकडून प्रत्येक जण 'अरे, एवढंच?' म्हणत होता, हे तिला कॉटवरून ऐकू येत होतं.

सासरे सगळ्यात शेवटी आले, भट्टी आवरून. इस्त्रीचा शर्ट घातला होता, भुवयांवर पीठ तसंच होतं. कॉटपासून चार हात लांब उभे राहिले. वजन त्यांनी विचारलं नाही, तोंडवळा कुणावर गेला तेही नाही.

"हात?" ते म्हणाले.

वहिनी त्यांच्याशी गेले कित्येक आठवडे कामापुरतंच बोलत होती. तिने दुपट्याची गाठ सोडली आणि बाळाला उघडं केलं. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी हातून भांडं पडलं. बाळ दचकलं आणि त्याने दोन्ही हात एकदम वर फेकले, दोन्ही सारखे, पार डोक्याच्या वर, बोटं फाकवून.

सासरे खाली बघायला लागले. टॉवेल नव्हता, म्हणून शर्टाच्या बाहीनेच त्यांनी तोंड पुसलं.

बिट्टी कॉटच्या कडेला हनुवटी टेकून उभी होती. ती बाळाचा डावा हात निरखून बघत राहिली, मग आईकडे वळली.

"आई, हा मोठा झाला ना, की माझी मागची बटणं हा लावेल. मग तू नको लावूस."